रेघेपर्यंतचं पाणी

पोचू पल्याडच्या धुऱ्याआड, शेताच्या बांधाआड, बायांकडे पाठ करून मुतत होता आणि मोहाच्या झाडाखाली बसलेला खुशाल तो आवाज ऐकत होता. आवाज लवकर संपेना. भाताच्या बांधीत साचलेल्या पाण्यावर धार पडायची, थांबल्यासारखी व्हायची आणि पुन्हा सुरू व्हायची. खुशालला सकाळपासून चूळभर लघवी झाली होती, तीही फेसाळ.

"झालं का गा?" तो ओरडला. "बैल उभे हायेत."

"झालं, दादा."

"येवढा येळ? बोडीचं पानी घेऊन आला का पोटात?"

भाताच्या रोवणीच्या ओळीतल्या बाया वाकल्या वाकल्या हसल्या. ओळीच्या टोकाला केसरबाई होती. शेजारघरची, म्हातारी, साऱ्या गावाची काकी. तिने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली.

"खुशाल, बापा, आता त्याच्या मुताचाबी हिसाब ठेवशीन का?"

"ठेवीन. माह्या बांधीत मुतला तो."

"मंग धान चांगला होईन. तुह्यं काऊन जळते?"

बाया पुन्हा हसल्या. ओळीच्या मधोमध खुशालची बायको कमळा रोवत होती. ती हसली नाही आणि तिने मानही वर केली नाही. चिमटीतली रोपं ती चिखलात खोचत राहिली.

पोचू येऊन बैलांच्या मागे उभा राहिला. तो खुशालचा धाकटा भाऊ. मांडीपर्यंत चिखल, पाठीवर घाम, आणि घामावर माश्या. पाऊस कालपासून थांबला होता आणि उन्हाने बांध्यांतून वाफ निघत होती. चिखलणी केलेल्या मातीचा, कुजलेल्या गवताचा वास सगळ्या शिवारावर बसला होता. पोचूने हाळी दिली, बैल हलले, त्याचे पाय पोटरीपर्यंत आत जाऊन फसकन बाहेर येऊ लागले.

"कोपरा सुटला," खुशाल म्हणाला.

"येताना घेतो."

"येताना नाई होत. बैल वळले का कोपरा तसाच राह्यते. मी नव्हतो का नांगर धरत? तुले कोनं शिकोलं?"

"तूनंच शिकोलं."

"मंग असा काऊन हाकतं?"

पोचू काही बोलला नाही. तो बोलत नाही याचाही खुशालला राग आला. भांडला असता तर बरं झालं असतं. न भांडणारा माणूस आपल्याला जमेसच धरत नसतो, असं खुशालला वाटे.

त्याने धोतर वर करून पाय पाहिले. नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. ओल्या बांधीत पाऊल उमटावं आणि त्यात पाणी यायला वेळ लागावा, तसा तो हळूहळू भरला.

*

हे सुरू झालं गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत. सकाळी उठलं की डोळे सुजलेले असत. दुपारपर्यंत ती सूज खाली पायांत उतरे. केसरबाईने एक मुळी उगाळून दिली. कोणी म्हणालं जंगलातलं वारं लागलं, कोणी म्हणालं पोटात पाणी झालं. वडशाच्या डॉक्टरने रक्तदाब पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला, आणि नागपूरला जायला सांगितलं. जिल्हा नवा झाला होता, कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या, पण असल्या तपासणीला अजून नागपूरच गाठावं लागे.

नागपूरच्या डॉक्टरने तपासण्या करून सांगितलं ते असं. माणसाला दोन मूत्रपिंडं असतात, खुशालची दोन्ही खराब झाली आहेत. खराब झालं ते परत येणार नाही. राहिलं आहे ते सांभाळायचं. मीठ बंद. डाळ नावाला. रक्तदाबाची गोळी रोज, लघवीची गोळी रोज. पाणी मोजून. रक्त धुऊन काढणारं यंत्र असतं, दुसऱ्याचं मूत्रपिंड काढून बसवतातही, पण ते मोठ्या शहरातलं आणि मोठ्या ऐपतीचं काम.

"पन मी किती दिस जगीन?" खुशालने विचारलं होतं.

"असं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

ज्याला बैलाचे दात पाहून वय सांगता येतं, आभाळ पाहून पाऊस सांगता येतो, त्याला 'सांगता येत नाही' हे उत्तर वाटत नाही. खुशालने त्याचा अर्थ लावला की डॉक्टरला माहीत आहे आणि सांगायचं नाही.

घरी आल्यावर कमळाने फळीवरचा पितळी गडवा काढला. डॉक्टरने दाखवल्याप्रमाणे त्यात पाणी भरलं आणि पाण्याच्या कडेने, आतल्या बाजूला, खिळ्याने रेघ मारली. तेवढं पाणी म्हणजे खुशालचा दिवस. सकाळी भरायचं आणि झोपेपर्यंत पुरवायचं. खुशाल बाहेर पडला की गडवा त्याच्यासोबत जाई, वरून झाकणी लावून.

डॉक्टरने जे सांगितलं नव्हतं ते त्याच्या गावच्या, कोसमटोल्याच्या लोकांनी सांगितलं. पलीकडच्या गावचा एक जण असाच सुजला आणि वर्षात गेला. कोणाचा मामा असाच सुजला आणि मुलींची लग्नं उरकून, नातू खेळवून गेला. जो तो आपल्या माहितीतला माणूस आणून खुशालसमोर उभा करी. खुशालला जगलेल्या मामाची गोष्ट खरी वाटत नसे आणि मेलेल्याची खोटी वाटत नसे.

मग एक दिवस कुंपणाआड बसलेला असताना त्याने केसरबाईचा आवाज ऐकला. ती विहिरीवर कोणाशी बोलत होती.

"उद्या खुशालचं काई झालं तं कमळी कुठी जाईन वं? पोरगी तं देल्ली, ती आपल्या घरी सुखी हाये. आपल्यात इधवेचा पाट लागते. पोचू हाये ना घरातच, बिनलगनाचा. घर फुटत नाई, बैलजोडी फुटत नाई. देवाच्या मनात असन तसं."

ती हे वाईट मनाने बोलली नव्हती. पाऊस कधी येईल, धानाचे पऱ्हे कधी टाकावे, तशा आवाजात बोलली होती. म्हणूनच ते खुशालच्या छातीत जाऊन बसलं. वाईट मनाने बोलली असती तर त्याने शिवी दिली असती आणि विसरला असता.

त्या दिवसापासून त्याला दिसायला लागलं. कमळा आधी त्याला जेवायला वाढे. आळणी भात, पाणी फेकून दिलेली अंबाडीची भाजी. त्याचं झालं की ती आणि पोचू घरामागे सांदवाडीत, परसात जाऊन बसत. तिथून सुकटीच्या चटणीचा वास येई आणि दोघांचं हळू बोलणं येई. खुशाल खोकला की बोलणं थांबे.

पोचूचं लग्न त्याच उन्हाळ्यात जुळत आलं होतं. खुशालच्या पायांवर सूज आली आणि ते राहून गेलं. तेव्हा खुशालला वाईट वाटलं होतं. आता त्याला वाटू लागलं की पोचूला मुळीच वाईट वाटलं नव्हतं.

रोवणी लागण्याच्या आदल्या आठवड्यात त्याने विषय काढला. पोचू दोरखंड वळत बसला होता.

"केसरकाकीच्या भाचीची पोरगी हाये, चंदा. रोवणी झाली का पाहून येऊ."

"यंदा राहू दे, दादा."

"काऊन राहू दे? म्हातारा झाल्यावर करशीन?"

"घाई काय हाये? तुह्यी तब्येत पाहू, मंग करू."

"माह्या तब्येतीत काय पाहतं तू?"

"बरी होते का नाई ते."

"अन् नाई झाली तं?"

पोचूने दोरखंडाची गाठ दाताने ओढली आणि तो गोठ्यात गेला. चुलीपाशी बसलेली कमळा म्हणाली, "नाई म्हंते तं राहू द्या. जबरदस्ती काऊन करता?"

खुशालला दोघांचं एकच उत्तर मिळालं. ते त्याने त्या दिवशी नीट ऐकलं आणि पुढे रोज ऐकत राहिला.

*

मोहाच्या झाडापासून साऱ्या बांध्या दिसत. बोडी, शेताचं छोटं तळं, मात्र दिसत नसे, तिची मातीची पाळ दिसे. पाळीवर करवंदीची आणि पळसाची झुडपं माजलेली होती. त्या पाळीमागे कमळा जात होती.

पहिल्या दिवशी खुशालने लक्ष दिलं नाही. बाईमाणूस आहे, जाईल. पण ती परत आली तेव्हा पदराने तोंड पुसत आली. थोड्या वेळाने पोचूने बैल उभे केले आणि तोही पाळीमागे गेला. परत येताना त्याने मनगटाने तोंड पुसलं. खुशालची नजर पडल्यावर त्याने हात खाली केला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ऊन चढलं की कमळा जाई, मागून पोचू जाई. एकदा दोघं सोबतच आली. कमळा काही सांगत होती आणि पोचू हसत होता. पाळीवरून उतरल्यावर कमळा बोलायची थांबली आणि पोचूचं हसणंही थांबलं. मोहाकडे पाहून थांबलं.

खुशाल गडव्यावरची झाकणी काढी, एक घोट तोंडात घेई, तो गिळायच्या आधी जिभेवर फिरवी. पाणी कोमट असे. त्याच्या डोक्यात एकच हिशेब चाले. पोचूच्या अंगात अजून किती रोवण्या आहेत. आपल्या अंगात किती. आणि आपल्या संपल्या की त्या बांधीत, त्या ओळीत, त्या घरात कोण कोणाच्या जवळ उभं असेल. भरीव पोटऱ्यांचा, गटगट पाणी पिणारा, धुऱ्याआड बिनघोर मुतणारा हा माणूस आपल्याच हाताने आपण वाढवला. याच्या तोंडात भात आपण घातला. मरणाची त्याला तेवढी भीती वाटत नव्हती. आपण मेल्यावर सगळं नीट चालेल याची त्याला चीड होती.

त्या दिवशी मुतण्यावरून हसणं झालं, कोपऱ्यावरून बोलणं झालं आणि ऊन डोक्यावर आलं. कमळाने हातातली रोपं ठेवली, चिखलाचे हात बांधीतल्या पाण्यात धुतले आणि ती पाळीकडे निघाली. पोचूने आकाशाकडे पाहिलं, बैल उभे केले आणि तो निघाला.

खुशाल उठला.

मोहापासून पाळीपर्यंतची वाट धुऱ्यावरून होती. एरवी तो ती चिलीम पेटण्याआधी चालून गेला असता. आता त्याला मध्ये दोनदा थांबावं लागलं. सुजलेले पाय वहाणेत मावत नव्हते, अनवाणी तळव्यांना धुऱ्यावरचं गवत टोचत होतं. रोवणाऱ्या बायांनी त्याला पाहिलं. केसरबाई म्हणाली, "खुशाल, कुठी चालला बापा? बस ना." तो थांबला नाही. मग तिने मोठ्याने हाक मारली, "कमळे, वं कमळे." ती हाक इशाऱ्याची होती, हे खुशालला कळलं. म्हणजे साऱ्या गावाला माहीत आहे.

तो पाळ चढला. वर पोहोचेपर्यंत त्याच्या छातीत धाप भरली होती. त्याने पळसाची फांदी बाजूला सारली.

खाली सावलीत माठ होता. अर्धा मातीत पुरलेला, पळसाच्या पानांनी झाकलेला. शेजारी पानात सुकटीची चटणी आणि भात. कमळा उकिडवी बसून पानाच्या द्रोणातून पाणी पीत होती. घाईने पीत होती, हनुवटीवरून ओघळ गळ्यात उतरत होते. पोचू तिच्यापासून चार हातांवर, प्यायची आपली पाळी यायची वाट पाहत उभा होता.

कमळाने खुशालला पाहिलं आणि द्रोण पाठीमागे लपवला.

बोडीत कुठे तरी मासळीने उडी मारली.

"हे काय?" खुशाल म्हणाला.

"पानी," पोचू म्हणाला.

"ते दिसून राह्यलं. इथी काऊन?"

कमळा म्हणाली, "तुमच्या डोळ्यासमोर कसं प्याव? रोवनी लागली अन् म्या बायांले सांगतलं, माठ मोहाखाली नाई ठेवाचा. ज्याले तहान लागन त्यानं इथी यावं. केसरबाईबी इथीच येते. साऱ्याच येतात."

सगळ्याच येत होत्या. खुशालला त्या कधी दिसल्याच नव्हत्या. इतके दिवस तो कोणामागे कोण जातं ते पाहत होता, आणि मोहाखाली यंदा माठ नाही हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

हे कळल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. खुशालला वाटलं नाही. बायकोवरचा संशय गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं, ते जास्त झोंबणारं होतं. हे सगळे, केसरबाईसुद्धा, त्याची कीव करत होते. त्याच्यापासून लपून पाणी पीत होते, मुलापासून लपून गूळ खावा तसे. तो अजून जिवंत होता आणि त्याच्याभोवती लोक दबक्या पावलांनी चालायला लागले होते.

"सरक," तो पोचूला म्हणाला.

"दादा, नको."

"सरक म्हनलं ना. तुमी पेता तं मीबी पेतो."

तो माठाजवळ बसला. चटणीचा चिमूट उचलून त्याने तोंडात टाकला. वर्षभर जिभेला मीठ लागलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने दुसरा चिमूट घेतला, मग मूठ भरून भात कालवला. कमळाने त्याचा हात धरला, तो त्याने झटकला. मग द्रोण घेतला आणि प्यायला. गार होतं. त्याने पुन्हा भरला. पुन्हा प्यायला. पोचूकडे पाहत, त्याच्या गळ्याची घाटी जशी वरखाली होते तशी आपली करत, तो पोट टम्म होईपर्यंत प्यायला.

"आता हासा," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा त्याला आडवं होता येत नव्हतं. आडवं झालं की छातीत पाणी चढे. बसलं तरी श्वास घरघरत होता, भात्यासारखा. पोचूने रोवणीचे बैल सोडून बंडीला जुंपले. तणस अंथरलं. कमळा मागे बसून खुशालला पाठीने टेकू देत राहिली, वडसा येईपर्यंत. चिखलाच्या वाटेने चाक रुतलं की पोचू उतरून खांदा लावी.

वडशाच्या डॉक्टरने सुई टोचली, मग दुसरी टोचली. दुपारनंतर लघवी सुरू झाली. खुशाल खाटेवर बसून तो आवाज ऐकत होता, आणि त्याला धुऱ्यावरचा पोचू आठवला. दोन दिवस त्याला तिथे ठेवलं.

निघताना डॉक्टरने विचारलं, "पाणी किती पिलात?"

"पोटभर."

"आणि मीठ?"

"तेबी."

डॉक्टर वयस्कर होता आणि त्याच भागात आयुष्य काढलेला होता. तो रागावला नाही.

"डॉक्टरसाहेब," खुशाल म्हणाला, "नागपूरवाल्यानं नाई सांगतलं. तुमी सांगा. किती?"

"मीही नाही सांगणार. लपवतो म्हणून नाही. माझ्याकडे तुमच्यासारखे आले. काही वर्षात गेले. एकाने त्यानंतर किती तरी पिकं काढली, अजून बाजाराला येतो, भेटतो. दोघांची सूज सारखीच होती. कोण कसा जाईल ते आधी कळलं नाही. एवढं सांगतो, परवासारखं चार वेळा पिलात तर मग मोजायला काही उरणार नाही. आणि नीट राहिलात तरी हे हळूहळू वाढतच जाणार. कमी होणार नाही."

"म्हंजे मराचं तं हायेच."

"ते मलाही आहे," डॉक्टर म्हणाला. "तुम्हाला फक्त पाणी मोजून प्यायचं आहे."

परतीच्या वाटेवर रिमझिम लागली. पोचूने खुशालच्या डोक्यावर ताडपत्री टाकली. कमळा बंडीच्या मागल्या बाजूला बसली होती. वाटेच्या दोन्ही अंगांनी दुसऱ्यांच्या रोवण्या झालेल्या दिसत होत्या, हिरव्या. आपली अर्धी राहिली, याची खुशालला आठवण झाली. त्या हिरव्या बांध्यांचाही त्याला हेवा वाटला.

"पोचू," तो म्हणाला.

"हूं."

"मी मेलो तं तू हिच्यासंग पाट लावशीन?"

बैलांच्या घंटा वाजत राहिल्या. पोचूने मागे वळून पाहिलं नाही. त्याच्या आधी कमळा बोलली.

"मले कोनी इचारलं का?"

पोचूने कासरा ओढून धरला.

"केसरबाईनं विहिरीवर ठरोलं. तुमी मोहाखाली बसून ठरोलं. गावानं ठरोलं. घर फुटत नाई, बैलजोडी फुटत नाई. मी त्या जोडीतला तिसरा बैल हाव का?" तिचा आवाज चढला नाही. "तुमी किती जगसान मले माहीत नाई. मी किती जगीन तेबी माहीत नाई. उद्या रोवताना साप चावन तं मी पयले जाईन. तवा तुमी कोनासंग पाट लावसान ते इचारतो का मी तुमाले?"

खुशालने ताडपत्री डोक्यावरून मागे सारली. आपल्या आधी कमळा जाऊ शकते, हे त्याच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

थोड्या वेळाने पोचू म्हणाला, "अन् मी नाई लावत, दादा."

"काऊन? वाईट हाये का ती?"

"वाईट नाई. पन तिच्यासंग पाट लावला तं माह्या गडव्यालेबी रेघ मारन ती."

खुशालला हसू आलं आणि हसताना खोकला आला. कमळाने त्याच्या पाठीवर हात चोळला, जरा जोरातच. मग पोचूला म्हणाली, "तुह्या जिभेले मारली पायजे रेघ."

*

राहिलेली रोवणी त्याच आठवड्यात उरकायला घेतली. सकाळी बाया बांधीत उतरल्या आणि खुशाल म्हणाला, "माठ कुठी हाये?"

बाया पाळीकडे पाहू लागल्या.

"पोचू, जाय. माठ उचलून आन. इथी ठेव, माह्याजवळ."

"दादा, कायले?"

"आन म्हनलं ना."

माठ मोहाखाली आला. खुशालने शेजारी बैठक मारली आणि ऊन चढल्यावर तो बायांना हाका मारू लागला. पहिल्यांदा केसरबाईला बोलावलं. ती आली, पण हात पुढे करेना.

"पी, काकी."

"तहान नाई लागली बापा."

"पाळीमागं तं लय लागत होती. पी. माह्यासमोर पी."

ती प्यायली. तो प्रत्येकीला द्रोण भरून देत गेला. कमळाला दिला. शेवटी पोचू आला. खुशालने द्रोण काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला. पोचू दोन घोट पिऊन थांबला.

"पुरा पी," खुशाल म्हणाला. "मी पाहून राह्यलो."

पोचू प्यायला. घाटी वरखाली झाली. खुशालने ती पाहिली, शेवटपर्यंत पाहिली. जळायचं ते जळलं. पण आता ते पाणी त्याच्याच हातून जात होतं. मग त्याने आपल्या गडव्यावरची झाकणी काढली आणि एक घोट घेतला.

पुढच्या वर्षीच्या रोवणीला खुशाल बंडीत बसून शेतावर आला. धुऱ्यावरून चालायचं त्याच्याने होत नव्हतं. गडव्यात जुन्या रेघेखाली कमळाने एक नवी रेघ मारली होती. पोचूचं लग्न माघात झालं होतं. बांधीत कमळाशेजारी चंदा रोवत होती, नवी नवरी, अजून बुजरी. ऊन तापलं तशी ती कोणाला न सांगता पाळीकडे निघाली. घरातल्या आजारी जेठापुढे, थोरल्या दिरापुढे, पाणी प्यायचं नसतं असं तिला माहेरी कोणी तरी सांगितलं असावं.

"ए पोरी," खुशालने हाक मारली. "इकडे ये. या शेतात लपून पानी पेत नाई कोनी."

ती आली. त्याने द्रोण भरला. तिने पदर पुढे ओढला आणि पाठ वळवून प्यायली.

केसरबाई धुऱ्यावर बसून कंबर चोळत होती. "खुशाल, डाक्टर काय म्हंते बापा? किती साल सांगतलं?"

"पुढच्या रोवनीले इचारजो."

"तवा मीच नसीन तं?"

"मंग मी सांगीन दुसऱ्याले."

केसरबाई हसली आणि पुन्हा चिखलात उतरली. पोचूने बैल उभे केले, तो पल्याडच्या धुऱ्याआड गेला आणि बायांकडे पाठ करून उभा राहिला. पाण्यावर धार पडू लागली. खुशालने कान दिला. आवाज थांबल्यासारखा झाला, पुन्हा सुरू झाला. लवकर संपेना.

"झालं का गा?" तो ओरडला. आवाज पूर्वीसारखा लांब पोहोचत नव्हता, म्हणून त्याने दम घेऊन पुन्हा ओरडून पाहिलं. "बैल उभे हायेत."